शेवट राहिलेल्या सिनेमांचं वर्ष

आमचे बोईसरचे घरमालक कुठल्याही खोलीतून पाठ फिरवून बाहेर पडत नसत. उलटे चालत जात. तोंड आपल्याकडे, बोलणं चालू, आणि पाय मागं मागं दाराकडे. उंबऱ्याला टाच लागली की पाय आपोआप उचलला जाई आणि माणूस दिसेनासा होई. वाक्य बहुतेक वेळा अर्ध्यावरच राही. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी "पाण्याचं म्हणाल तर मागं विहीर आहे, पण तिचं काय आहे" एवढं बोलून ते असे नाहीसे झाले. तिचं काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला साबण लावल्यावर कळलं. दोर आपला आपण आणायचा होता.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी विचारलं, "साहेब असे उलटे का जातात?"

"सिनेमामुळं," काकू म्हणाल्या. "राहायला आलायस ना? मग कळेल हळूहळू. आधी दोर आण."

मी तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ट्रेसर होतो. मोठे इंजिनियर पेन्सिलीनं जे काढतील ते आम्ही पातळ कापडावर शाईनं गिरवायचं, एवढंच काम. बोईसरात त्या दिवसांत कोण कुठून येईल सांगता येत नव्हतं. स्टेशनाबाहेर हॅट घातलेले अमेरिकन दिसत, पंजाबी ठेकेदार दिसत, मद्रासी फिटर दिसत, आणि गवताचे भारे घेऊन आलेले वारली त्या सगळ्यांकडे सारख्याच शांतपणे बघत. मोठमोठ्या शहरांना उजेड द्यायची तयारी आमच्या उशाशी चालली होती, आणि आमच्या आळीतले दिवे मात्र जरा वारा सुटला की जायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. कंदिलाची काच पुसलेली असली म्हणजे झालं.

साहेब रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी सारं गाव त्यांना गार्डसाहेबच म्हणे. नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळी उमर त्यांनी मुंबई-बलसाड पॅसेंजरवर काढली. मुंबईला गाडी पोचली की परतीच्या गाडीपर्यंत काही तास मोकळे मिळत. बाकीचे गार्ड रनिंग रूममध्ये झोपा काढत नाहीतर पत्ते कुटत. आमचे साहेब जवळच्या एका थिएटरात जाऊन बसत. तिथं सकाळच्या खेळाला परदेशी सिनेमे लागायचे. पहिल्यांदा गेले ते पंख्याच्या वाऱ्यासाठी. सिनेमा हंगेरीचा होता. भाषा कळेना. खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण ती वाचून होईपर्यंत बोलणारा माणूस मेलेला असायचा. तरी वेड लागायचं ते लागलंच.

"आपल्या सिनेमात माणूस गायला लागला की तो खूश आहे हे कळतं," ते मला सांगायचे. "त्यांच्यात माणूस नुसता खुर्चीवर बसतो. आता तो खूश आहे का दुःखी, ते आपण ओळखायचं. ट्रेसर, मी गार्डाच्या डब्यातून आयुष्यभर दुसरं काय केलं? लोक प्लॅटफॉर्मवर उभे असतात. गाडी गेली की त्यांचं तोंड कसं होतं ते फक्त गार्डाला दिसतं."

घोळ एकच होता. परतीच्या गाडीवर हजर व्हायची वेळ सिनेमा संपायच्या आधी यायची. दर वेळी. साहेब खुर्चीतून उठत, पण नजर पडद्यावरून काढवत नसे, म्हणून उलटे चालत दाराकडे जात. दारावरचा माणूस त्यांना ओळखू लागला होता. तो मागून कोपराला धरून त्यांना अलगद बाहेर घ्यायचा. पुन्हा मुंबईला जाईपर्यंत सिनेमा बदललेला असे. अशा रीतीनं या गृहस्थांनी जगभरचे नावाजलेले सिनेमे बघितले आणि एकाचाही शेवट बघितला नाही.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. कशी राहणार? उच्चारताच यायची नाहीत. म्हणून कुठं उठलो यावरून त्यांनी ते लक्षात ठेवलेले. विहिरीपाशी सोडलेला जपानी. न्हाव्याच्या दुकानात सोडलेला फ्रेंच. सासू गाडीतून उतरते तिथं सोडलेला रशियन. एक इटालियन तर त्यांनी लग्नाच्या पंगतीत सोडलेला, वाढप चालू असताना, आणि त्याची हळहळ त्यांना सगळ्यांत जास्त. बोलण्यातही तेच शिरलेलं. मी कामावरून आलो की ओट्यावरून विचारायचे, "काय ट्रेसर, आज कुठं सोडलंस?" "पंपहाऊसच्या जिन्यावर," मी म्हणायचो. मग त्यांना बरं वाटायचं.

संध्याकाळी त्या ओट्यावर सिनेमे सांगितले जात. ऐकायला आम्ही तिघं. मी, मासे साफ करत बसलेल्या काकू, आणि मासे विकून टोपली रिकामी झालेली हिराबाई. हिराबाई नवापूरच्या कोळीवाड्यातली. सकाळी बसनं यायची, बोईसरभर फिरायची आणि परतीची बस येईपर्यंत आमच्या ओट्यावर पाय पसरून बसायची. तिचा नवरा होडीवर. बाई अंगानं थोराड, आवाज असा की दोन आळ्या पलीकडं मांदेली आल्याचं कळावं. पण सिनेमा सुरू झाला की एकदम गप्प. साहेब उठून उभे राहत, हातवारे करत, पावसाचा आवाज काढत, घोड्याचा काढत. एकदा त्यांनी रशियन सासू अशी काही उभी केली की काकू सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "ही तर तुमचीच आई."

शेवट अर्थात ते मनानं जोडत. हे मला फार लवकर कळलं, कारण त्यांच्या प्रत्येक सिनेमाच्या शेवटी गेलेलं माणूस घरी येई आणि जेवायला बसे. जपान असो, पोलंड असो, शेवटी पान वाढलेलं. आणि पानात काय, तर त्या दिवशी काकूंनी जे रांधलं असेल ते. विहिरीपाशी सोडलेला जपानी मी दोनदा ऐकला. एकदा त्यातला नवरा परत येऊन कोलंबीभात खातो आणि एकदा बोंबलाचं कालवण.

"तुमच्या सिनेमात शेवटी सगळे जेवतात कसे?" मी विचारलं.

"गाडी पोचल्यावर माणूस जेवणारच," ते म्हणाले, आणि उलटे चालत आत गेले.

आता हिराबाईच्या मुलीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोर तिच्यापायी. सुमन तिचं नाव. त्या कोळीवाड्यातून मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. तिला मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी हजर व्हायचं होतं. नवरा म्हणाला, तुझी पोरगी, तू बघ. वाड्यातल्या बायका म्हणत, मुंबईला गेलेली पोरगी परत येत नाही, मासळीचा वास तिला नकोसा होतो. हिराबाईचं काही ठरत नव्हतं. हे सारं ती ओट्यावर बसून सांगायची, काकू ऐकायच्या, आणि साहेब दाढी खाजवायचे.

एका संध्याकाळी साहेबांनी नॉर्वेचा सिनेमा सांगायला घेतला. बोटीवर सोडलेला नॉर्वेचा. समुद्रकाठचं गाव, बाप नाही, आई मासे सुकवते, आणि मुलीला शहरात जाऊन दवाखान्यात काम शिकायचं असतं. आई नको नको म्हणते आणि शेवटी एक दिवस तिला बोटीवर चढवते. साहेब सांगता सांगता थांबले. इथंच ते उठले होते.

"मंग?" हिराबाई म्हणाली. "आली का परत?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, काकूंकडं बघितलं. "आली तर," ते म्हणाले. "पांढऱ्याशुभ्र कपड्यात. आई आधी ओळखतच नाही. मग ओळखते. मग दोघी…"

"जेवतात," काकू म्हणाल्या.

हिराबाई उठली. टोपली डोक्यावर ठेवून बसला गेली. आणि दुसऱ्या दिवशी येताना दारातूनच म्हणाली, "दादा, सुमनला धाडते. ठरलं."

त्यानंतर साहेब आठवडाभर अशा ऐटीत वावरत होते, की जणू सुमनला तेच शिकवून नर्स करणार होते. काकूंनी एकदा मासे धुता धुता एवढंच विचारलं, "तो शेवट तुम्ही बघितलाय का पण?" त्या प्रश्नानं त्यांची ऐट उतरली. ती उतरली ती उतरलीच. जेवताना मध्येच हात थांबायचा. "ती परत आली असेल ना गं?" असं विचारायचे. "मला काय ठाऊक? मी नॉर्वेला गेले होते?" काकू म्हणायच्या. खरं म्हणजे काकूंनाही घोर लागला होता. पोरगी खरीच आली नाही, तर हिराबाई कुणाच्या तोंडाकडं बघणार?

शेवट बघण्याच्या वर्षाचा बेत त्यातूनच जोर धरून उठला. तसा तो निवृत्त झाल्यापासून त्यांच्या डोक्यात होता. काकूंनी परवानगी दिली ती अशी: "एक वर्ष देते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. जगातले काय शेवट बघायचे ते बघून घ्या, आणि मग घरात माणसासारखं सरळ चाला."

माणूस रेल्वेचा. साधी यादी करून भागणार नव्हतं. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा तक्ता असतो तसा तक्ता त्यांनी आखला. आडव्या रेघा देशांच्या, उभ्या रेघा महिन्यांच्या, आणि सिनेमे म्हणजे तिरप्या रेघा. कुठला देश कुठल्या महिन्यात ओलांडायचा ते त्यावरून दिसायला हवं. शाईनं मीच गिरवून दिला. इतका देखणा नकाशा मी त्या पॉवर हाऊससाठीही केला नव्हता. मागून पुष्कळशा रेघा कागदावरच राहिल्या, दम्यानं त्यांना फार फिरू दिलं नाही, पण बेत मला अजून तोंडपाठ आहे. चैत्र-वैशाख जपान, कारण त्यांच्या सिनेमात पाऊस फार आणि उन्हाळ्यात तो बघायला बरा. रशिया थंडीत अजिबात नाही, बर्फ बघून छाती भरते. इटालियन रविवारी दुपारी, पोटभर जेवून, नाहीतर त्यांची जेवणं बघवत नाहीत. स्वीडनचे सगळे एकादशीला.

"एकादशीला का?" मी विचारलं.

"स्वीडनमध्ये कुणीच काही खात नाही. नुसते खिडकीशी उभे राहतात. उपासाच्या दिवशी आपलं त्यांच्याशी जमतं."

आषाढ-श्रावण मोकळे ठेवले होते. वैतरणेला पाणी चढलं की गाड्यांचा भरवसा नाही. आणि नॉर्वे? नॉर्वेची रेघ त्यांनी लाल शाईनं सगळ्यांत आधी ओढून घेतली. सुमन जायच्या आत.

पाडवा झाल्यावर आम्ही दोघं मुंबईला एका फिल्म क्लबाच्या चिटणीसांना भेटायला गेलो. दाढीवाले, पाइप ओढणारे, जगातल्या सगळ्या दिग्दर्शकांची नावं घरच्या माणसांसारखी घेणारे गृहस्थ. साहेबांनी त्यांना विचारलं, "विहिरीपाशी बाई उभी आहे तो जपानी आपण कधी लावणार?"

"दिग्दर्शक कोण?"

"ते ठाऊक नाही. विहीर दगडी आहे."

"जपानी सिनेमात विहिरी पुष्कळ असतात हो."

"बाई उजव्या हाताला उभी आहे. आणि दोर तुटलेला आहे."

चिटणीसांनी पाइप खाली ठेवला. नंतर त्यांनाच गोडी लागली. न्हाव्याचं दुकान कुठल्या सिनेमात, सासू कुठल्या, असं करत तासभर दोघे बसले. सगळं ठरत आलं आणि मग कळलं की क्लबाचे खेळ संध्याकाळी उशिरा सुरू होतात, आणि ते संपायच्या आधी आमची बोईसरची शेवटची गाडी निघून जाते. म्हणजे इथंही शेवट राहणार. साहेब एवढे खचले की निरोप न घेताच उलटे चालू लागले. चिटणीस बघतच राहिले.

वाट काकूंनी सुचवली. "तुम्हाला तिथं राहता येत नाही, तर सिनेमालाच इथं आणा की." आमच्या बांधकामावरच्या लोकांनी एक मंडळ काढलं होतं, त्यांच्याकडं छोटं प्रोजेक्टर होतं. मुंबईतल्या परदेशी वकिलाती असल्या मंडळांना आपापल्या देशाचे सिनेमे बघायला देत. मी नॉर्वेच्या वकिलातीकडं अर्ज केला. माहितीची पुस्तिका आली. त्यात एका सिनेमापुढं दोन ओळी होत्या: किनाऱ्यावरच्या गावातली मुलगी परिचारिका व्हायला शहरात जाते. मी वाचून दाखवल्या. शेवटाविषयी त्यात अक्षर नव्हतं. असल्या पुस्तिका लिहिणारेही बहुधा मध्येच उठून जात असावेत.

वैशाखातला रविवार ठरला. शाळेला सुट्टी होती, तिचा हॉल मिळाला. साहेबांचा विचार असा की हा सिनेमा आपण तिघांनीच चुपचाप बघायचा. पण बोईसरात असं काही चुपचाप होत नाही. हिराबाईला बाजारातच कळलं. "आमीबी येनार," ती म्हणाली. "आमचा पिच्चर हाय तो. वाड्यातल्या बायकांना घेऊन येते. त्याबी बगतील पोरगी परत कशी येते ती."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बायका म्हणजे त्याच, मुंबईला गेलेली पोरगी येत नाही म्हणणाऱ्या.

सिनेमाची पेटी त्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आली. साहेबांनी ती स्वतः उतरवून घेतली आणि शाळेत पोचेपर्यंत कुणाच्या हाती दिली नाही. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. खेळ तिसऱ्या प्रहरी होता, आम्ही दुपारीच जाऊन बसलो. मशीन चालवायला मंडळाचा एक कानपूरकडचा फिटर आला होता. साहेबांनी त्याला सांगितलं, "पहले आखिरी रीळ लगाव."

"अंकल, उल्टी पिक्चर कौन देखता है?"

"गाडी सोडायच्या आधी शेवटचा डबा तपासतात," साहेब त्याला मराठीतच म्हणाले. "तू लाव."

मग मला बाजूला घेऊन त्यांनी बेत सांगितला. पोरगी परत आली असेल, तर सगळा सिनेमा पहिल्यापासून दाखवायचा. नसेल आली, तर मशीन बिघडलं म्हणून सांगायचं आणि पेटी उद्याच्या गाडीनं परत. "तू फक्त तोंड बंद ठेव," ते म्हणाले. "एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

शेवटचं रीळ सुरू झालं. शहर, मोठा दवाखाना, लांबच लांब व्हरांडा. मुलगी पांढऱ्या कपड्यात. आणि हॉलचं दार उघडलं. तिसऱ्या प्रहरची बस बेभरवशाची म्हणून हिराबाई आणि तिच्या बायका आधीच्या बसनं आल्या होत्या. गजरे, अबोल्या, कमरेला चाव्या, सगळ्या जथ्थ्यानं आत. साहेब ताडकन उठून पडद्यापुढं आडवे झाले. त्यांची भलीमोठी सावली त्या दवाखान्यावर पडली.

"दादा, खाली बसा," हिराबाई म्हणाली. "तुमीच दिसताय नुसते."

साहेब खाली बसले. दुसरं काय करणार? आणि मग सगळ्यांनी मिळून तो शेवट बघितला. व्हरांड्यात ती मुलगी दुसऱ्या एका नर्सशी काहीतरी बोलते आणि दोघी हसतात, अगदी पोट धरून. कुणीतरी घंटा वाजवतं, ती धावत जाते. मग किनारा. संध्याकाळ. आई एकटी मासे निवडत बसलेली. बोट येते, माणसं उतरतात, मुलगी त्यांत नसते. आई एकदा वर बघते. पुन्हा मान खाली घालून निवडायला लागते. समुद्र. संपलं.

साहेबांच्या आयुष्यातला तो पहिला शेवट. त्यांचा चेहरा मला बघवेना.

फिटरनं पहिलं रीळ चढवायला घेतलं आणि नेमके दिवे गेले. पंखे थांबले. "लाइट गई," फिटर म्हणाला, जसं काही आम्हाला दिसतच नव्हतं. बायका थोडा वेळ पदरानं वारा घेत बसल्या. मग बसची वेळ झाली तशी एकेक उठली. हिराबाईनं जाताना साहेबांकडं बघितलंही नाही.

घरी येताना साहेब सरळ चालत आले. उंबरा ओलांडून आत गेले आणि जाताना पाठ आमच्याकडं. काकूंनी ते बघितलं. वर्षानंतर व्हायचं होतं ते एका दिवसात झालं होतं, पण त्यांना आनंद काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दारावर दुसरी कोळीण आली, तिच्याकडून साहेबांनी मासे घेऊ दिले नाहीत. ओट्यावर बसायचे, बस आली की मान उंच करून बघायचे. "मी त्या पोरीचं वाटोळं केलं," म्हणायचे. "शेवट ठाऊक नाही म्हणून सांगितलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?"

"मग जा आणि हे तिला सांगा," काकू म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग?"

आम्ही दोघं नवापूरच्या बसनं गेलो. बसमध्ये ते तोंडातल्या तोंडात काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. कोळीवाड्यात घरोघरी बांबूंवर बोंबील वाळत होते. हिराबाई दाराशी ओट्यावर बसलेली, भोवती सामान: नवी ट्रंक, गादीची वळकटी, सुक्या मासळीचे डबे. सुमन आतून पाणी घेऊन आली.

"या दादा. वैनी बरी हाय ना?" हिराबाई म्हणाली. "बसा की."

साहेब बसले नाहीत. "हिराबाई, मला माफ करा. तो शेवट मी बघितलेला नव्हता. मनानं सांगितला होता."

"ते म्हाईत हाय मला."

"केव्हापासून?"

"त्या जपानी मानसानं बोंबलाचं कालवन खाल्लं ना, तवापासून."

मला हसू आवरेना. साहेबांना मात्र ते ऐकूच आलं नसावं. "मग सुमनला पाठवायचं कशावरून ठरवलंत?"

"तिला जायाचं हाय म्हनून," हिराबाई म्हणाली. "पिच्चर बगून पोरगी कोन धाडतं, दादा? तुमचं ऐकून बरं वाटलं, येवडंच. ठरवलं मीच."

"पण ती परत आली नाही हो. सगळ्या बायकांनी बघितलं."

"नाय आली. बोलल्या सगळ्या मला, बसमधी बी बोलल्या." हिराबाईनं एका डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पन ती हसत होती. बगितलीत ना तुमी? त्या दुसऱ्या पोरीसंगं कशी हसत होती. मी तेवडंच बगत होते."

साहेब आता कुठं ट्रंकेच्या कडेवर टेकले. "मग इतके दिवस आला का नाहीत?"

"आता काय सांगू? ही ट्रंक पालघरला जाऊन आनली, हिचा फोटू काडला, डॉक्टरचा कागद केला. मासे कधी इकू?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी उघड उघड बाहीनं पुसलं. सुमन त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मी दिवाळीला येईन हां."

"येणारच," साहेब एकदम खुलले. "दिवाळीला येशील, आईनं फराळाचं केलेलं असेल, सगळे मिळून…"

"झालं," हिराबाई म्हणाली. "लागले शेवट करायला."

सगळेच हसलो. हिराबाई पुढं वाकून कपड्यांचं बोचकं बांधू लागली आणि मान वर न करता सुमनला म्हणाली, "सुटी गावली तर ये. नाय गावली तर रडत बसू नको. तितंच पोटभर जेव." गाठ तिनं दातात धरून आवळली. गाठ केव्हाच बसली होती, तरी तिचा हात काही तिथून निघेना. सुमननं खाली बसून तो हात धरला.

"सोड," हिराबाई म्हणाली. "मासळीचा वास लागंल हाताला. दवाखान्यात जायचंय तुला."

सुमननं सोडला नाही.